हिरव्या भुकटीचा आकडा

स्पेनमधल्या सेगोव्हियाच्या तोफखाना विद्यालयात निकासिओ नऊ वर्षे तराजूवर होता. तांब्याची हिरवी भुकटी शंभर ग्रेन घ्यायची, मुशीत तापवायची, उरलेली काळी पूड तोलायची आणि वजन मोठ्याने म्हणून वहीत मांडायचे, एवढेच त्याचे काम. भुकटी खाणीतल्या दगडाची असो वा प्रयोगशाळेत केलेली, काळी पूड बहात्तर ग्रेनच भरे. पदार्थातील घटकांचे प्रमाण ठरलेले असते, हे तिथल्या फ्रेंच प्राध्यापकांचे म्हणणे याच आकड्यावर उभे होते.

प्राध्यापक माद्रिदला गेले असताना विद्यालयाचे तपासनीस डॉन बाल्तासार आले. त्यांनी वही चाळली.

"बहात्तर, बहात्तर, बहात्तर. तोलतोस की कालचं पान उतरवतोस?"

"तोलतो, डॉन बाल्तासार."

"दगड देवानं घडवला, पूड तुझ्या मालकानं. दोघांचा हात सारखाच? माझ्या स्वयंपाकिणीचं मीठ दोन दिवस सारखं पडत नाही रे."

निकासिओने खिडक्या लावल्या, श्वास रोखून तोलले. बहात्तर.

"काटासुद्धा पढवून ठेवलास," डॉन बाल्तासार म्हणाले. "उद्या पुन्हा तोल. हाच आकडा आला, तर लबाड म्हणून लिहीन आणि विद्यालयाची खोली सोडायला लावीन."

त्या खोलीत निकासिओची बायको फर्मिना दोन वर्षे अंथरुणाला खिळून होती.

सकाळी डॉन बाल्तासार तराजूपासून दूर, वहीपाशी बसले. काटा पुन्हा बहात्तरवर थांबला. निकासिओ मोठ्याने म्हणाला, "अडुसष्ट." दुसऱ्या मुशीला म्हणाला, "पंचाहत्तर."

"आता कसं माणसाच्या हातचं वाटतं," डॉन बाल्तासार म्हणाले. "दर महिन्याला वही माझ्याकडे पाठव." खोली राहिली.

प्राध्यापक परतले. ते पान त्यांनी बराच वेळ पाहिले. निकासिओ ओरडा खायची वाट पाहत उभा होता. ओरडले असते, तर त्याने सांगूनही टाकले असते.

"माझ्या तर्कापेक्षा मला तुझा हात खात्रीचा वाटतो, निकासिओ," ते हळू म्हणाले. "तू अडुसष्ट म्हणतोस, तर अडुसष्टच असणार. चुकलो मीच." ठरलेल्या प्रमाणावरचा, छापखान्याकडे निघालेला निबंध त्यांनी कपाटात ठेवला आणि कुलूप लावले.

निकासिओच्या ओठांवर आलेला आकडा तिथेच राहिला. डॉन बाल्तासारांकडे वही पाठवायची महिनाअखेर चार दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी त्याने खिडक्या लावल्या, श्वास रोखला. काटा थांबला. प्राध्यापक लेखणी घेऊन, वहीवर नजर ठेवून शेजारी उभे होते.

"किती?"

निकासिओने बहात्तर पाहिले आणि म्हणाला, "सत्तर."