नाडी लागेपर्यंत

हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम शरीराबाहेरून करणारं मशीन मी चालवते. सोलापुरात हे काम करणारे आम्ही मोजकेच, आणि त्यात माझा हात चांगला आहे, हे सांगायला मी लाजत नाही.

तरी श्रीपूरच्या काकांनी मला पहिल्याच दिवशी खोटं ठरवलं. तापाचं निमित्त होऊन त्यांच्या तरण्याताठ्या मुलीचं हृदय सुजलं आणि जवळजवळ थांबलं. इमर्जन्सीत आणल्या आणल्या आम्ही तिला मशीनवर घेतलं. जांघेतल्या एका नळीतून काळपट रक्त बाहेर येत होतं आणि ऑक्सिजन घेऊन लालभडक होऊन दुसरीतून आत जात होतं. काकांनी त्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी तिचं डावं मनगट बराच वेळ चाचपलं.

"नाडी लागत न्हाय. पोरगी गेली हाय, आन् तुमी निस्तं मशीन फिरवताय. आमी घरी नेतो."

मशीन काढलं असतं, तर ती लिफ्टपर्यंतही पोचली नसती. मी भडकलेच. तेवढ्यात त्यांच्या खिशावर साखर कारखान्याचा बिल्ला दिसला.

"कारखान्यात काय करता?"

"पंप हाउसला हाय."

"मग सांगा, मेन पंप दुरुस्तीला काढला की गाळप थांबवता?"

"न्हाय की. स्टँडबाय लावतो."

"हा स्टँडबाय आहे काका. याला ठोका नसतो, सलग धार असते. म्हणून नाडी लागत नाही. तिच्या तळपायाला हात लावून बघा."

त्यांनी लावला. पाय गरम होता.

"आन् मेन चालू झालाच न्हाय तर?"

"तर तसं सांगेन. खोटं बोलणार नाही. मनगट तुमच्या हातात आहेच."

त्यानंतर काका रोज अकराला येत, मनगट धरून बसत आणि निघून जात.

चौथ्या दिवशी सकाळी आठलाच स्क्रीनवर तिच्या स्वतःच्या हृदयाच्या लाटा उठताना दिसल्या. डॉक्टरांनी इको करून खात्री केली. मला इतका आनंद झाला, की डोळे भरून आले. काकांना कुणी काही सांगायचं नाही, असा मी सगळ्यांना दम भरला. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण तीन तास जीभ आवरून बसले.

काका आले. मनगट धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. मग माझा हात ओढून तिथं ठेवला.

"म्याडम, तुमी बघा जरा. मला लागतीय."

मी बोटं टेकवली आणि आत्ताच कळल्यासारखं म्हणाले, "व्हय काका, लागतीय की."