ताईच्या रक्ताचा कागद

आमच्याकडं भाचीवर मामाचा पहिला हक्क. म्हणून दहावी होताच ताई आईच्या धाकट्या भावाची बायको होऊन त्याच्या घरात गेली, वडवणीला, किराणा दुकानामागच्या दोन खोल्यांत. पोरगी घरातल्या घरात राहिली म्हणून आई लई खूश होती. ताईची मुलगी चार वर्षांची झाली तरी मान धरत नव्हती. ताईनं पोटुशी असताना ग्रहणात विळी हातात घेतली होती, असं मामा गिऱ्हाइकांना सांगायचा.

मी तेव्हा हैदराबादला प्रयोगशाळेत होते. पावात घालतात ते यीस्ट वाढवायचं, त्यातला एक जीन काढायचा आणि त्या जागी माणसाचा घालायचा. माणसाचा जीन धड असला तर ताटलीत पांढरे ठिपके उगवतात, बिघडलेला असला तर काही म्हणता काही उगवत नाही. अशा मुलांच्या आजारामागं एक जीन असावा, असा आमच्या सरांना संशय होता. ताईवरचा आळ एकदाचा पुसून टाकते, असं मी ठरवलं. मोठी शहाणी मी!

रक्त घ्यायला गावी गेले. ताईनं दिलं, मुलीचंही घेतलं. मामानं बाही वर करायलाच नकार दिला. गड्यामाणसाचं रक्त कशाला पाहिजे, म्हणाला. आईनं त्याचीच री ओढली.

जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. मुलीच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या, ताईची एक. म्हणजे दुसरी मामाचीच, आणखी कुठून येणार? पण प्रयोगशाळेच्या शिस्तीनं मी तपासणीच्या कागदावर लिहिलं: आई, दोष आढळला. वडील, तपासले नाहीत. सोबत सगळं समजावणारं पत्र जोडलं आणि मूर्खासारखं मामाच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवलं.

पत्र त्यानं फाडलं, कागद तेवढा ठेवला. बाजाराच्या दिवशी दुकानात बसून ज्याला त्याला वाचून दाखवला. आठ दिवसांत ताई मुलीला कडेवर घेऊन एसटीनं माहेरी आली.

मी रजा काढून धावले. मामा ओसरीवर चहा पीत बसला होता. दोष तुझ्याच माहेरचा आहे, मामातही तोच आहे, असं मी आईला ओरडून सांगितलं. तिनं शेंगा फोडायच्या थांबवल्या नाहीत.

"त्याचं नाव हाय का कागदावर? न्हाई ना? तुजंबी न्हाई. मग आता तूच जा त्याच्या घरी नांदायला."

दारात ताई मुलीला पेज भरवत होती. तिच्यादेखत हे चाललं होतं.

"माझंबी तपासलंय मी," मी म्हणाले. "माझ्यातबी तोच दोष हाय."

या घरच्या पोरीच नासक्या, असं म्हणत मामा उठून गेला. पुढं त्यानं नात्याबाहेरची बायको केली. तिला दोन धडधाकट पोरं झाली. झालं, सगळ्या वडवणीला पुरावा मिळाला. आई त्या पोरांच्या बारशाला मिरवून आली.

ताईनं मला एकदाच विचारलं, खरंच तपासलं होतंस का? नाही, म्हणाले. तिनं मुलीचं तोंड पुसलं.

"खोटं बोलता येत होतं तुला," ती म्हणाली. "मग माझा कागद लिहिताना का न्हाई बोललीस?"