कोऱ्या चेहऱ्याची नोकरी

आमचे हे मुळात हसरे. लग्नात फोटोवाल्याने वैतागून सांगितलं होतं, "नवरदेव, एक तरी फोटो गंभीर येऊ द्या." पण चष्म्याच्या दुकानात लागले आणि ते हसू गेलं. कामच तसं. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना आपण हसलो की समोरचाही हसतो, त्याचे गाल वर येतात, गाल फ्रेमला ढकलतात आणि माप चुकतं. म्हणून हे चेहरा असा सपाट ठेवायचे की समोरच्याने हसूही नये आणि घाबरूही नये. वर्षानुवर्षं तेच केल्यावर ते अंगवळणी पडलं. घरी जेवतानाही तोच चेहरा. मी म्हणायची, "अहो, भाजी बरी झालीय की नाही ते कळायला मी काय दुर्बीण लावू?"

मग मोबाइलवर तो गेम आला. खेळणाऱ्याने सुरुवातीला काहीच निवडलं नाही, तर त्यात एक ठरलेला माणूस मिळायचा. करडा शर्ट, बारीक केस, तोंडावर काही म्हणजे काही नाही. पोरं त्याला 'कोरा' म्हणायची. चार डाव जिंकले की पहिलं काम काय, तर कोऱ्याला काढून टाकायचं आणि दुसरा झकास चेहरा घ्यायचा. आमच्या मुलीनेही तेच केलं होतं. बघता बघता कोरा गेमच्या बाहेर आला. उशांवर आला, कपांवर आला. ऑफिसात नवीन लागलेल्याला लोक कोरा म्हणू लागले. शाळेत बाईसुद्धा विचारायच्या, "कोऱ्यासारखा बघतोस काय?"

आणि तो कोरा म्हणजे हुबेहूब आमचे हे. कुणी यांचा फोटो घेतला नव्हता की यांना विचारलं नव्हतं. मी कंपनीला फोन लावला, तर तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, "हा चेहरा कुणाचाच नाही हो, मुद्दाम तसा बनवलाय." आता हिच्याशी काय भांडणार, कपाळ?

यांनी मिशी वाढवून पाहिली. गल्लीतली पोरं म्हणाली, "कोऱ्याने मिशी विकत घेतली." दुसऱ्या दिवशी मिशी उतरली.

दुकानाचा मालक मात्र भलताच खूश. करडा शर्ट आणून दिला आणि म्हणाला, "जरा दारात उभे राहा. लोक फोटो काढतील, आत येतील. हे खूळ ओसरलं की तुमची खुर्ची तुमचीच." यांना कुणाला नाही म्हणता येतं तर ना. गेले दारात. आत यांच्या खुर्चीत मालकाचा जावई बसला. त्याच्या हातून चष्म्याची काडी वाकण्याआधी मोडायची. इकडे हे घरी आले की विचारायचे, "खूळ कधी ओसरेल गं?" त्यांना ती खुर्ची हवी होती, बाकी काही नको होतं.

मग एक दिवस कंपनीने कोरा काढून टाकला. जागेवर नवा आला, दात दाखवून हसणारा. मी म्हटलं, सुटलो बाई एकदाचे. हे स्वतःचा शर्ट घालून दुकानात गेले आणि दुपारीच परत आले.

"मालक म्हणाले, जावयाला आता कसं उठवू? दारातलं काम आहे, पण हसावं लागेल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "लाथ मारा त्या नोकरीवर. दुसरी दुकानं काय कमी आहेत?"

"तीन दुकानांत विचारून आलोय. तिघंही म्हणाले, दारात उभे राहाल का?"

शेवटी हे आरशासमोर उभे राहिले. मुलगी शिकवायला लागली, "बाबा, ओठ ताणू नकोस. डोळ्यांनी हस." खूप प्रयत्न केले यांनी. दात दिसत होते, पण हसू काही येईना. मुलगी म्हणाली, "जमतंय बाबा," आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसली. मला रडूही येईना, नुसता संताप होत होता, आणि तो काढायचा कुणावर हेच कळत नव्हतं.

सोमवारी मी डबा द्यायला गेले. हे दारात उभे होते, दात दाखवून. तेवढ्यात एक आजोबा नवा चष्मा लावून आतून बाहेर आले. चष्मा नाकावरून घसरत होता, ते पुन्हा पुन्हा बोटाने वर ढकलत होते आणि पायरी चाचपत होते. यांचा चेहरा एकदम पूर्वीसारखा सपाट झाला. दोन्ही हात आजोबांच्या कानांकडे गेले.

आतून मालकाचा आवाज आला, "हसा हो, गिऱ्हाईक बघतंय."

यांनी हात खाली घेतले आणि हसले. आजोबा चष्मा धरून पायरी उतरले.