‘चालून पाहिली’ असं मी खोटं लिहिलं, ते वर्ष

नगरमध्ये आमचा डोंगर भटकणाऱ्यांचा एक गट होता. दहाबारा माणसं. कोणी बँकेत, कोणी कचेरीत, एक औषधाच्या दुकानातला कंपाउंडर, आणि सगळ्यांत वडील म्हणजे चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक. त्यांना सगळेच सर म्हणायचे. पावसात वाटा निसरड्या असतात आणि थंडी सरली की डोंगर भाजून निघतात, म्हणून लांबच्या सगळ्या वाटा आम्ही आश्विन-कार्तिकात बसवायचो. बसवायचं काम माझ्याकडे होतं. एसटी किती वाजता, कोणाच्या गुडघ्याला किती चढ झेपेल, जेवायला सावली कुठं, पाणी कुठं, हे सगळं मी एका कागदावर मांडायचो.

मी बोलका माणूस नाही. बैठकीत कागद पुढं सरकवायचा आणि गप्प बसायचं, एवढंच मला जमे. पण त्या कागदावर लोकांचा भरवसा होता आणि त्याला कारण होतं. गटाचा नियमच होता की जो वाट ठरवेल त्यानं पंधरवड्याच्या आत ती स्वतः चालून यायचं, आणि कागदाच्या तळाशी आपल्या हातानं ‘चालून पाहिली’ असं लिहून सही करायची. ती ओळ नसेल तर सहल रद्द. दरवर्षी डोंगर तोच असला तरी वाट तीच राहत नाही. कुठं दरड आलेली असते, कुठं ओढा सरकलेला असतो.

बहात्तर सालचं सांगतो. पूर्वेकडं पाथर्डी, तिसगाव भागात त्या वर्षी गवताची काडी नव्हती. माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. अशा वर्षी भटकायला जावं का, यावर बैठकीत वाद झाला. शेवटी सर म्हणाले, "मला साठ पुरी झाली. पुढच्या वर्षीचं मला सांगू नका." ठरलं. अकोले तालुक्यात, राजूरच्या पलीकडं, घाटमाथ्यावरचा एक डोंगर. त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर गाव कळेल आणि गावावरून माणूस.

तो डोंगर आम्ही आदल्या वर्षीही केला होता, फक्त सर त्या सहलीला नव्हते. माथ्यावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे आणि माथ्याच्या खाली कातळात कोरलेल्या चाळीसेक पायऱ्या. उजवीकडं भिंत, डावीकडं काही नाही. आदल्या वर्षी उतरताना त्या पायऱ्यांवर माझे पाय गेले. म्हणजे घसरलो नाही, पाय हलेचनात. मी सगळ्यांच्या मागं होतो. बसून, पाठमोरा, एकेक पायरी हातानं चाचपत उतरलो. कोणी पाहिलं नाही. मीही कोणाला सांगितलं नाही. वाटा ठरवणाऱ्या माणसाला उंचीची भीती वाटते हे कसं सांगणार?

तर पाहणीला मी एकटाच गेलो. पायथ्याच्या गावात उतरलो, वर पायऱ्यांकडं पाहिलं, आणि पाऊल पुढं टाकलं नाही. गावाबाहेर पन्नाशीचे एक गृहस्थ गवत कापत होते. त्यांना विचारलं, "मामा, वरच्या टाक्यात पाणी आहे ना?"

त्यांनी विळा खाली ठेवला. "औंदा नसंल. टाक्याला तळात भेग हाय. पाऊस नीट झाला तर झरा तिला पुरून उरतो. औंदा पाऊस लवकर गेला. वर जाऊन बघा की, तासाची तर वाट."

मी बघतो म्हणालो. आणि दुपारपर्यंत आंब्याखाली बसून राहिलो. आदल्या वर्षी टाकं काठोकाठ होतं, हिरवं-निळं, गार. भेगेबिगेचं कोणी बोललं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, हा खालचा माणूस, याला वरचं काय ठाऊक. आता लिहिताना लाज वाटते, कारण आयुष्य त्या डोंगरावर काढलेल्या माणसाबद्दल मी, नगरहून एसटीनं आलेला, असा विचार करत होतो. संध्याकाळी परत आलो आणि कागदावर लिहिलं: माथ्यावर टाकं, पाणी भरपूर, प्रत्येकानं एकच बाटली घ्यावी. खाली ‘चालून पाहिली’. सही.

सहलीच्या दिवशी आम्ही अकराजण वर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पायऱ्या मी कशा चढलो ते मला आठवत नाही. पुढच्याच्या टाचेवरची नजर मी काढली नाही. कंपाउंडर सगळ्यांत आधी टाक्याकडं पळाला आणि तिथूनच ओरडला, "या, या, आंघोळीला या! चिखलाची सोय आहे!"

टाक्यात तळाशी तडकलेली माती होती आणि मेलेला एक खेकडा.

बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. सर कातळाच्या सावलीत बसले आणि बोलायचे थांबले. आधी आम्हाला वाटलं दमलेत. मग पाहिलं तर अंगाला घाम नव्हता आणि ओठ पांढरे. कंपाउंडरनं नाडी धरली आणि त्याची थट्टा तिथंच संपली. "यांना या उन्हात पायऱ्यांवरून उतरवता येणार नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "तू आला होतास ना इथं?"

"आलो होतो."

"मग?"

"गावातल्या माणसानं सांगितलं होतं, पाणी टिकेल म्हणून."

असं मी म्हणालो. विचार करून नाही, पण अडखळतही नाही.

तासाभरानं पायऱ्यांवरून एक पटका वर आला. तेच गृहस्थ. पाठीवर चादरीत बांधलेली जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, कळशी, तोंडाला पानं कोंबलेली. समोरच्या उतारावरून त्यांनी आम्हाला टाक्यापाशी ताटकळलेलं पाहिलं होतं. गवत टाकून, कड्याच्या पोटातल्या एका झिऱ्यावर जाऊन, वाटीवाटीनं कळशी भरून ते आले होते. आधी त्यांनी सरांच्या ओठांना ओला फडका लावला. "घोट घोट. घाई न्हाई करायची, बाबा." मग आम्हा सगळ्यांना ओंजळभर.

पाणी प्यायल्यावर कंपाउंडरला राग आठवला. "मामा, पाणी आहे म्हणून तुम्हीच सांगितलंत यांना! म्हातारा माणूस मेला असता की हो!"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मी टाक्याकडं बघत होतो.

"चुकलं म्हना," ते म्हणाले, आणि कळशीत उरलेलं पाणी पुन्हा सरांना पाजू लागले.

ऊन कललं तसे सर उठून बसले. मला कड्याजवळ न्या म्हणाले. नको म्हटलं तर ऐकेनात. दोघांनी धरून त्यांना काठापासून चार हात अलीकडं बसवलं. मीही शेजारी बसलो, जमीन दोन्ही हातांनी धरून, आणि भीती असूनही पाहिलं.

मी नुसतं पाहिलं असं म्हणणं कमी पडेल. पायाखालून दरी सुटत होती आणि संपत नव्हती. काळ्या भिंतींवर पिवळं गवत चिकटलेलं, त्याखाली जंगल, त्याखाली कोकण, आणि कोकण कुठं संपतं ते कळतच नव्हतं. सगळा निळा धूर. पलीकडच्या एका डोंगराची सावली दरीतून पूर्वेकडं सरकत होती, एवढी मोठी वस्तू हलते आहे आणि आवाज नाही, याचं मला भय आणि नवल एकदम वाटलं. आणि आमच्या खाली, पुष्कळ खाली, गिधाडं फिरत होती. ऊन त्यांच्या पंखांच्या वरच्या बाजूला पडत होतं.

"अरे, पाठ!" सर म्हणाले. आवाज अजून खरखरीत होता. "गिधाडाची पाठ बघतोय मी. पन्नास वर्षं खाली उभा राहून नुसती पोटं काढत आलो." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझा हात धरला. "तू आणलंस मला इथं."

तो हात मला सोडवून घेता आला नाही.

सर सुखरूप उतरले. ते गृहस्थ त्यांच्या खालच्या पायरीवर उलटे उभे राहून एकेक पाऊल ठेवून घेत होते. पण पुढच्या बैठकीत कंपाउंडरनं माझ्या कागदावर लाल पेन्सिलीनं लिहिलं: ‘या गावच्या माणसांना विचारू नये. खोटं सांगतात.’ कागद सगळ्यांत फिरला. मी तो घडी घालून ठेवून दिला.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. मी एकटा गेलो. ते घरीच होते. वर यायचंय म्हटलं, तर काही न विचारता निघाले. पायऱ्यांपाशी मी थांबलो. त्यांनी हात पुढं केला. "व्हय, ठाव हाय मला. गेल्या साली चढताना पाहिलं तुमाला. भिताडाकडं बघा, माज्याकडं नगं."

वर टाकं भरलेलं होतं. तिथं मी सांगितलं. तुम्ही खरं सांगितलं होतंत, मी आलो नव्हतो, तुमच्यावर ढकललं.

ते हसले. "मला काय कळलं न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"अवं, तुमी पुढं चालनारं मानूस. तिथं बोललो असतो तर समद्यांचा तुमच्यावरला भरवसा उडाला असता. आनि पायऱ्या उतरायच्या हुत्या, त्यात बाबा असं. डोंगरावर भरवसा उडाला की पाय सुटत्यात." ओंजळ टाक्यात घालून ते पाणी प्यायले. "आता समदी खाली जिमिनीवर हायती. सांगा आता."

त्या वेळी मला डोंगराइतकंच त्या माणसाचं नवल वाटलं. एका क्षणात, गवताचा भारा टाकून आलेल्या त्या माणसानं अकराजणांचे पाय तोलले होते आणि स्वतःवर खोटेपणा घेतला होता.

आणि मी सांगितलं नाही. बैठकीत लाल ओळ खोडली. कंपाउंडर म्हणाला, "का रे?" मी म्हणालो, "माणूस चांगला आहे." बस. सर त्यानंतरही मला बघितलं की नव्या माणसाला सांगायचे, "यानं मला गिधाडाची पाठ दाखवली." दरवेळी मी मान खाली घालायचो आणि लोक म्हणायचे, किती विनयशील.

सर गेले, त्यांना सांगायचं राहिलं. गटातले पाचसहाजण आहेत. त्यातले दोघे अजून त्या बाजूला जातात आणि त्या गावात कोणाशी बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यांनी हे वाचावं. ते गृहस्थ कदाचित आता नसतील, घरचे असतील. आधी त्यांना हे सांगावं, आणि मग त्यांच्या हातचं पाणी मागावं. मी बरोबर यायला तयार आहे. पायऱ्यांवर माझा हात कोणीतरी धरायला लागेल.