चूलबंद आवतण

मंठ्याच्या बाजूला लग्न असलं आणि आमटी अप्पाराव आचाऱ्याची नसली, तर वऱ्हाडी जेवून उठतात, पण समाधानानं उठत नाहीत. भाजून कुटलेला येसर मसाला घातलेली ती आमटी दोन-दोन वाट्या पिऊन माणसं हात पुसत विचारायची, "एवढा गुणाचा माणूस, लग्न का न्हाई केलं रे?" तेव्हा मागं दहा पावलांवर सांडू पुऱ्या लाटत बसलेला असायचा. आपल्या प्रश्नाचं उत्तर पुऱ्या लाटतंय हे कुणाच्या ध्यानात येत नसे. किंवा येत असे, पण पुरी गरम असताना असल्या गोष्टी काढू नयेत एवढं शहाणपण गावाजवळ होतं.

सांडू मूळचा घनसावंगीकडचा. चोवीस वर्षांपूर्वी एका लग्नात कणीक मळायला आला, तो परत गेलाच नाही. गावानं त्याचं कारणही ठरवून टाकलं: घरी भावजय धड जेवायला घालत नाही. आचाऱ्याच्या हाताखालच्या माणसाचं भावजयीच्या भाकरीवाचून काय अडलं होतं, हे कुणी विचारलं नाही. हे एक कारण गावाला चोवीस वर्षं पुरलं.

एक गोष्ट मात्र गावानं न बोलता मानली होती. इकडं लग्नाचं आवतण सगळ्यांना सारखं नसतं. कुणाला घरटी एक माणूस, कुणाला नुसते पुरुष, आणि अगदी जवळच्यांना चूलबंद. चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही. शेजारच्या द्वारकाबाईंच्या घरी कार्य निघालं की त्या उंबऱ्यात येऊन सांगायच्या, "अप्पाराव, तुमची चूल बंद हाय बरं का." घर एक, चूल एक, आवतण एक. मग तोच अप्पाराव त्यांच्या दारात सातशे माणसांची चूल पेटवायचा, तो भाग वेगळा.

कढया उचलून उचलून सांडूचा खुबा गेला. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बदलावा लागेल. सरकारी योजनेत होईल, पण रेशन कार्ड आणा. सांडूचं नाव भावाच्या कार्डावर होतं, ते भावानं कधीच कमी करून टाकलेलं. मग अप्पाराव आपल्या कार्डावर त्याचं नाव चढवायला तहसीलला गेला.

"नातं काय?" खिडकीतल्या बाबूनं विचारलं.

अप्पाराव चष्मा पुसायला लागला.

"भाऊ हाय का?"

"न्हाई."

"मंग असं करा काका, नोकर लिहा. जल्दी होऊन जातंय." बाबू बिचारा भल्यासाठीच सांगत होता.

अप्पारावनं अर्ज ओढून घेतला, त्याची घडी केली आणि बाहेर पडला. उकळतं तेल हातावर उडालं तरी शिवी न देणारा माणूस, पण त्या दिवशी स्टँडपर्यंत बाबूच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गेला.

महिन्याभरानं मंठ्याच्या मंगल कार्यालयात दिल्लीच्या एका संस्थेचं शिबिर ठरलं. पुरुषावर जीव असलेले पुरुष, बाईवर जीव असलेल्या बाया, तृतीयपंथी, अशा सगळ्यांना बरोबरीचे हक्क मिळावेत म्हणून देशभर झगडणारी मोठी संस्था. साठ ताटांची ऑर्डर अप्पारावला मिळाली. आले एकोणीस जण, त्यातले पंधरा वरून हुकूम आला म्हणून. द्वारकाबाईंचा मुलगा कल्याण ग्रामपंचायतीचा सदस्य, तोही त्या पंधरांतलाच. पण वही घेऊन पुढं बसला होता.

दिल्लीचे साहेब फार कळवळून बोलले. एवढा मोठा जिल्हा, पण एकही माणूस पुढं येत नाही, आम्ही शोधायचं तरी कुठं, म्हणाले. पडद्यामागं आमटीला उकळी आली होती आणि सांडू दुखरा पाय लांब करून पुऱ्या लाटत होता. मग संस्थेची संभाजीनगरची कार्यकर्ती अर्पिता मराठीत सांगायला उठली. अशी दोन माणसं एका घरात राहत असतील तर त्यांना रेशन कार्डासाठी एकच घर धरावं, असं सरकारचं पत्र निघालंय, म्हणाली.

पडदा हलला. हातात पळी घेऊन अप्पाराव बाहेर आला.

"ताई, ते कार्डाचं परत एकदा सांगा."

सभागृहाला वाटलं, आचाऱ्याचं रेशन अडलं असेल. अर्पितानं पळीकडं पाहिलं, मग पडद्याच्या फटीतून सांडूच्या पायाकडं पाहिलं, आणि काही न विचारता सगळं परत सांगितलं. या पोरीचं मला कौतुक वाटतं. जेवणं झाल्यावर तिनं संस्थेचा फॉर्म काढला. त्यात माणसानं आपण कोण ते निवडायचं होतं, आणि गे, तृतीयपंथी अशी नावं दहा-बारा होती. अप्पारावनं चष्मा लावून ती सगळी वाचली.

"ह्यात आचारी कुठं हाय?"

अर्पिता हसली. "राहू द्या काका, कोरं ठेवू." तहसीलात नात्याला जागा नव्हती, इथं जागाच जागा होती, आणि अप्पाराव दोन्हीकडं मावला नाही.

पण पोरगी कामाची निघाली. त्याच्याबरोबर तीनदा तहसीलची पायरी चढली, तेव्हा कार्ड झालं. सांडूच्या नावापुढं नात्याच्या रकान्यात लिहून आलं: इतर.

"चोवीस वर्षं भाकरी केली तुला," सांडू म्हणाला, "आन मी इतर!" पण कार्ड त्यानं उशाखाली ठेवलं.

खरी गंमत पुढंच आहे. द्वारकाबाईंच्या नातीचं, कल्याणच्या मुलीचं लग्न निघालं. शिबिरातून प्रमाणपत्र घेऊन शहाणा झालेला कल्याण स्वतः आवतण घेऊन आला, आणि दोन पत्रिका काढल्या. एकीवर अप्पारावचं नाव, दुसरीवर सांडूचं.

"काका, आमचं चुकत होतं. आता समजलं. परत्येकाला आपला मान असतोय." आणि छाती फुगवून गेला.

सांडू पत्रिका हातात धरून भिंतीकडं तोंड करून बसला. "अप्पा, एकट्याचं आवतण पहिल्यांदाच आलं बघ मला."

भावानं कार्डावरून नाव कापलं तेव्हा सांडू असाच बसला होता. अप्पारावला राग आला. चांगल्या माणसाचा असा राग येतो तेव्हा फार वाईट होतं. भांडायलाही तोंड राहत नाही. तरी त्यानं दोन्ही पत्रिका आणि कार्ड उचललं आणि शेजारचं अंगण गाठलं. तिथं बाया येसर कुटत होत्या.

"वहिनी, सरकारनं आमची एक चूल धरली. तुम्ही दोन कशापायी केल्या?"

कल्याण समजावून सांगायला लागला. द्वारकाबाईंनी त्याला हातानंच थांबवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. "वाच रे ते कार्ड."

कल्याणनं दोन नावं वाचली.

"आन नातं?" गावानं चोवीस वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न म्हातारीनं चारचौघींत विचारून टाकला.

"इतर," कल्याण म्हणाला.

"ते सरकारचं," अप्पाराव म्हणाला. "माझं विचारता तर, कल्याणचे वडील तुमचे जसे व्हते, तसा सांडू माझा."

मुसळं थांबली. आपला संसार या अंगणात आजच मोडला, असं अप्पारावला वाटलं.

द्वारकाबाईंनी हातातलं मुसळ बाजूला ठेवलं. "मंग चोवीस वर्षं चूलबंद आवतण मी कुणाला देत व्हते? मला दिसत नव्हतं व्हय?" दोन्ही पत्रिका त्यांनी कल्याणच्या हातात कोंबल्या. पदराला हात पुसत अप्पारावच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि आतल्या सांडूला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सांडूभावजी, तुमची चूल बंद हाय. दोघं या."

लग्नात आमटी अप्पारावनंच केली. सांडूला पुऱ्या लाटू दिल्या नाहीत. ऑपरेशनची तारीख जवळ आली होती, म्हणून घरच्यांच्या पंगतीत खुर्चीवर बसवला. अप्पाराव स्वतः वाटी घेऊन वाढायला आला. सांडूनं एक घोट घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मीठ कमी हाय."