मागच्या बाकाखालची वायर

एवेलियो आधी गाडी हुंगायचा, मग बघायचा. साखर कारखान्याला टाळं लागल्यापासून क्रुसेस गावातल्या म्हाताऱ्या गाड्यांच्या वायरिंगवरच त्याचं पोट चाललं होतं. रंगीत वायर मिळेल तर शपथ! कारखान्याच्या मोडीतली काळी वायरच सगळीकडे, म्हणून ओळखायला तो टोकांना गाठी मारायचा. गिऱ्हाइकानं काळजीनं विचारलं, की त्याचं उत्तर ठरलेलं, "काही होत नाही, जा."

त्या दुपारी मात्र तो एकच गाडी तिसऱ्यांदा हुंगत होता. गाडी ओस्नियेलची, बावन्न सालची, सवारी वाहणारी. आदल्या दिवशी भर रस्त्यात दोनदा बंद पडलेली, जळका वास सोडून. आणि तीच गाडी आता दायामीला, एवेलियोच्या एकुलत्या एक लेकीला, सिएनफुएगोस शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेणार होती. आठवा महिना, त्यात रक्तदाब चढलेला. डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळच्या आत पोचा म्हणून बजावलं होतं. गावची रुग्णवाहिका दुसरा पेशंट घेऊन गेलेली, आणि पेट्रोल असलेली दुसरी गाडी मिळत नव्हती.

"मिस्त्री, सापडलं का?" ओस्नियेलनं विचारलं.

"सापडलं असतं तर नाचलो असतो. हे काय लावलंयस?"

फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती.

"सगळेच लावतात की!"

"सगळेच मरतात पण. गाडी जळेल, ही चांदी नाही जळायची!"

त्यानं चांदी ओरबाडून काढली आणि फ्यूजच्या जागी एक बल्ब जोडला. गाडीतले सगळे दिवे बंद असताना हा बल्ब पेटला, तर कुठेतरी वायर उघडी पडून पत्र्याला टेकतेय, एवढं नक्की. बल्ब पेटेना. एवेलियोनं वायरी ओढल्या, दारं आपटली, ओस्नियेलकडून गाडी गदागदा हलवून घेतली. काळाठिक्कर बल्ब. दोष दिसला असता तर बरं होतं. हा लपून बसला होता.

"बाबा, मला उभं राहवत नाही," म्हणत दायामी कमरेवर हात ठेवून आली आणि सवाऱ्या वाढवायला ओस्नियेलनं मागे ठोकलेल्या जादा बाकावर बसली.

बल्ब लख्ख पेटला.

"ऊठ!" एवेलियो असा ओरडला की पोरगी दचकली. ती उठली, बल्ब विझला. त्यानं ओस्नियेलला बसवलं, पुन्हा पेटला. बाकाचा बोल्ट पत्र्यातून खाली गेला होता, आणि कुणी बसलं की नेमका आतल्या दिव्याच्या वायरीत रुतत होता. रिकाम्या गाडीत हा दोष जन्मात सापडला नसता. वायरीवरचं रबर जळून गेलं होतं, आणि वीतभर अंतरावर पेट्रोलची नळी होती. एवेलियोनं आधी बॅटरीची वायर काढली.

मग त्यानं वायर कापली, नवी जोडली, बोल्टपासून दूर नेऊन घट्ट बांधली. खरा फ्यूज गावात नव्हता, म्हणून त्या जागी वायरीतला तांब्याचा एकच केसाएवढा बारीक धागा लावला.

"हा तर खड्ड्याखड्ड्याला तुटेल!" ओस्नियेल कुरकुरला.

"तुटू दे. दिवे जातील, पण गाडी पेटणार नाही."

दायामीला पुढच्या सीटवर बसवलं. तिनं त्याचा काळा, तेलकट हात धरला.

"बाबा, आता काही होत नाही ना?"

ओठावर आलेलं ते ठरलेलं उत्तर एवेलियोनं गिळलं.

"ठाऊक नाही गं," तो म्हणाला. "मला भीती वाटतेय."

आणि जळका वास आला तर आधी आपल्याच नाकाला यावा, म्हणून तो मागच्या बाकावर, त्या बोल्टच्या बरोबर वर, जाऊन बसला.