सोप्यावरचा ठसका

तीन वर्षांपूर्वी माघातल्या एका रविवारी, दुपारी एकच्या सुमारास, निमगाव केतकीत आमच्या शेजारच्या घरी पहिल्यांदाच जेवायला आलेला नवा जावई तिसऱ्या घासाला ताटावरून उठला आणि अंगणातल्या नळाकडे धावला. मटणाचा रस्सा नानींनी केला होता. जावई नानींच्या धाकट्या जावेचा, म्हणजे कमलकाकूंचा. दोघींचा स्वयंपाक तीस वर्षे एकत्र होत होता.

नळ चालूच होता, तेव्हा नानींनी आत पहिला प्रश्न विचारला : "पातेल्यापाशी कोण आलं होतं?"

नानींचा कोणावर विश्वास नव्हता. बाजारातल्या लाल मिरचीला रंग लावलेला असतो, ही त्यांची खात्री होती. मिरची घेताना त्या पदराचे टोक ओले करून ती पुसत. विकणारा कुरकुरला तर म्हणत, "पुसू दे की. तुझ्या मनात काय न्हाय, तर तुला कशाची भीती?" मसाला कांडायला नेला की डंकापाशी शेवटपर्यंत उभ्या राहत. आधीच्या बाईचा मसाला आत राहिला असेल म्हणून आपल्या मसाल्याची पहिली ओंजळ त्या वेगळी काढत आणि ती डंकवाल्यालाच देऊन टाकत.

त्यांचा स्वतःच्या जिभेवरही विश्वास नव्हता. रस्सा करताना त्या चव घेत नसत. "रोज तिखट खाणाऱ्याची जीभ खोटं बोलती," असे त्यांचे म्हणणे. त्याऐवजी त्या मिरच्या तव्यावर भाजत आणि कोण कुठे खोकते ते ऐकत. पुढच्या सोप्यावर बसलेला माणूस खोकला, तर मिरच्या मापात. रस्त्यावरून जाणारा खोकला, तर निम्म्या काढून ठेवायच्या. कोणीच खोकले नाही, तर दुप्पट घालायच्या. तिखट न सोसणारे काही जण उगीच खोकत. नानी दारापर्यंत येऊन त्यांचे डोळे बघत. "पाणी न्हाय डोळ्यांत. खोटा हाय." आणि आत जात.

त्या रविवारच्या मिरच्या मी आणल्या होत्या. मी तालुक्याच्या वर्तमानपत्रात काम करतो. लोणी भापकरला एका शेतकऱ्याने शेडनेटमध्ये भूत मिरची लावली होती, त्याची बातमी करायला गेलो होतो. निघताना त्याने मूठभर वाळलेल्या मिरच्या कागदात बांधून दिल्या आणि बजावले, "पातेलंभर रश्शाला एक बास. दुसरी घालू नका." मी हे नानींना शब्दशः सांगितले.

"इकणारा आपला माल मिळमिळीत हाय म्हणंल का?" नानी म्हणाल्या.

"त्यानं फुकट दिल्यात, नानी."

"फुकट दिल्यात? मग तर बघूनच घ्याया पायजेत."

जावई आणि मी सोप्यावर बसलो होतो. आतून हाक आली, "पेपरवाल्या, ठसका लागला का?"

"न्हाय, नानी."

"पाव्हण्यास्नी?"

जावयाने नकारार्थी मान हलवली. "त्यास्नीबी न्हाय," मी आत सांगितले. थोड्या वेळाने नानींनी पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर. "बघ, फशिवलं तुला त्यानं," त्या आतूनच म्हणाल्या. वाटणात आठ मिरच्या गेल्या. हा आकडा नानींनीच नंतर सांगितला.

पातेल्यापाशी कमलकाकू एकदा गेल्या होत्या. त्यांनी ते नाकारले नाही. "मी नुसतं ढवळलं," त्या म्हणाल्या.

"ढवळलं का टाकलं, कुणी बघितलंय?"

"माझ्याच जावयाला मी पोळवीन व्हय?"

"माझं नाव घालवायला तू तेबी करशील."

जावयाने दोन वाट्या दही खाल्ले. तासाभराने तो निघाला, तेव्हा दोघींच्याही पाया पडला. सोमवारी सकाळी कमलकाकूंनी मागच्या पडवीत वेगळी चूल मांडली.

पुढच्या महिन्यात एका दुपारी नानी बाजारच्या साध्या मिरच्या भाजत होत्या. मी सोप्यावर होतो. मला ठसका लागला. रस्त्यावरून सायकलने जाणारा एक जण पाय टेकून खोकत थांबला. मी आत गेलो. शेगडीच्या वरची धूर ओढून घेणारी चिमणी बंद होती. नानींच्या मुलाने ती दिवाळीत पुण्याहून आणून बसवली होती. करंट बसेल म्हणून नानी तिच्या बटणाला हात लावत नसत. ती दिवा लावण्यासाठी आहे, असा त्यांचा समज होता.

कागदातल्या दोन मिरच्या उरल्या होत्या. चिमणी चालू करून मी एक भाजली. बाहेर कोणी खोकले नाही. चिमणी बंद करून दुसरी भाजली, तेव्हा आम्हा दोघांनाही स्वयंपाकघरात उभे राहता आले नाही.

नानी डोळे पुसत अंगणात आल्या. मग त्यांनी पडवीकडे तोंड करून विचारले, "त्या दिशी ते यंत्र कुणी लावलं होतं?"

"मी," पडवीतून कमलकाकू म्हणाल्या. "पाव्हण्यास्नी ठसका नगं म्हणून."

"म्हंजी हात तुझाच."

"बटनाला माझा. मिरचीला तुमचा."

चूल पडवीतच राहिली. मधल्या दाराला नानींनी आतून कडी घातली. मला मात्र त्या दोनदा म्हणाल्या, "तिनं तवाच का न्हाय सांगितलं? मनात काय होतं तिच्या?" मी हे कमलकाकूंना विचारले. "मला तरी कुठं ठावं होतं, त्या बटनानं ठसका मोजायचा ऱ्हाईल?" त्या म्हणाल्या. हे उत्तर मी नानींपर्यंत पोचवले. त्यांनी ते खरे मानले की नाही, हे मला कळले नाही.

गेल्या वर्षी श्रावणात पोटाच्या आजाराने नानींना बारामतीला रुग्णालयात ठेवले. तिथले जेवण त्या घेत नव्हत्या. कोणाच्या हातचे आहे ते कळत नाही, ही तक्रार. दुसऱ्या दिवसापासून कमलकाकू एसटीने डबा आणू लागल्या. डबा उघडला की नानी म्हणत, "आदी तू खा." कमलकाकू एक घास खात. नानी त्यांच्या तोंडाकडे बघत थांबत आणि मग जेवत. परिचारिकेने एकदा विचारले, "आजी, जावेवर एवढा संशय?" नानी म्हणाल्या, "तू तुझी सुई बघ." हे नऊ दिवस चालले. त्यातले चार दिवस मी तिथे होतो.

नानी गुरुवारी पहाटे गेल्या. त्यांचे शेवटचे जेवण बुधवारी दुपारचे, मुगाची खिचडी. कमलकाकूंनी डबा उघडला आणि रोजच्याप्रमाणे स्वतःसाठी पहिला घास चमच्यात घेतला. नानींनी चमचा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि तो घास खाल्ला.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.